अमेरिकेची न संपणारी युद्धं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या लष्करी धोरणावर बोलायला लागलं की समोरून ठरावीक प्रश्न येतात. लग्नाच्या पंगतीत येतात, लोकलमध्ये येतात, न्यू जर्सीतल्या भाच्याशी फोनवर बोलतानाही येतात. त्यातले बरेचसे प्रामाणिक असतात आणि त्यांना नीट उत्तर देणं हे टीका करणाऱ्याचं कामच आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. ही युद्धं लांबतात, कारण ती थांबवायचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांना त्यांची झळ बसत नाही. बिल भलत्याच्याच नावावर फाटतं. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील.

न संपणारी युद्धं म्हणजे नेमकी कोणती?

इथे मुख्यतः ११ सप्टेंबर २००१ नंतरची युद्धं धरली आहेत. अफगाणिस्तानवर बाँबफेक सुरू झाली ७ ऑक्टोबर २००१ ला, आणि शेवटचं अमेरिकन लष्करी विमान काबूलहून उडालं ३० ऑगस्ट २०२१ ला, मध्यरात्रीच्या तोंडावर. इराकवर स्वारी झाली मार्च २००३ मध्ये. डिसेंबर २०११ मध्ये सैन्य बाहेर पडलं आणि २०१४ मध्ये आयसिसशी लढायला पुन्हा आत गेलं. येमेन, सोमालिया, लिबिया, सीरिया इथे कधी ड्रोन, कधी विमानं, कधी कमांडो.

काबूल विमानतळाच्या फाटकावर २६ ऑगस्ट २०२१ ला आत्मघाती स्फोट झाला. सुमारे १७० अफगाण आणि १३ अमेरिकन सैनिक त्यात गेले. त्या तेरा जणांपैकी काही जण अवघ्या वीस वर्षांचे होते. युद्ध सुरू झालं तेव्हा ते पाळण्यात होते.

या युद्धांना परवानगी कोणी दिली?

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे युद्ध पुकारायचा अधिकार संसदेचा, म्हणजे तिथल्या काँग्रेसचा आहे. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक यांपैकी एकही युद्ध त्या अर्थाने पुकारलेलं नाही. त्याऐवजी ठराव होतात. कधी कधी तेही होत नाहीत.

यातला सगळ्यात महत्त्वाचा ठराव १४ सप्टेंबर २००१ चा. हल्ला होऊन तीन दिवस झाले होते, न्यूयॉर्कमधल्या ढिगाऱ्यातून धूर निघत होता. ठरावाचं मुख्य वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचं आहे. हल्ला ज्यांनी आखला, केला, त्याला मदत केली किंवा अशा लोकांना आसरा दिला असं राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्या देशांविरुद्ध, संघटनांविरुद्ध आणि व्यक्तींविरुद्ध त्यांनी आवश्यक ते सगळं बळ वापरावं, असं ते वाक्य सांगतं. त्यात अल कायदाचं नाव नाही. अफगाणिस्तानचं नाव नाही. हे कुठपर्यंत आणि कधीपर्यंत, त्याचा पत्ता नाही. सिनेटमध्ये मतदान झालं ९८ विरुद्ध ०. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १.

ते एक मत बार्बरा ली यांचं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या त्या प्रतिनिधी. त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये झालेल्या प्रार्थनेतलं एक वाक्य त्यांनी सभागृहात म्हटलं: पाऊल उचलताना, ज्या दुष्टपणाचा आपण निषेध करतो तोच आपण होऊ नये. राष्ट्राध्यक्षांना हा कोरा चेक दिला जातोय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर त्यांना जिवे मारण्याच्या इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षणात फिरावं लागलं.

चेक खरोखरच कोरा होता. सोमालियातली अल शबाब ही अतिरेकी संघटना २००१ मध्ये अस्तित्वातच नव्हती, पण २०१६ मध्ये तिलाही याच ठरावाखाली आणलं गेलं. आयसिसविरुद्धची लढाईही याच साठ शब्दांवर लढली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात टोंगो टोंगो गावाजवळ चार अमेरिकन सैनिक मारले गेले. त्यावर सिनेटर लिंडसे ग्रॅहम म्हणाले, नायजरमध्ये आपले हजार सैनिक आहेत हे मला माहीत नव्हतं. हे गृहस्थ सिनेटच्या लष्करविषयक समितीचे सदस्य होते. ज्याला माहीतच नाही तो थांबवणार काय?

मग ९/११ नंतर हातावर हात ठेवून बसायचं होतं का?

नाही. जवळपास तीन हजार निरपराध माणसं मारली गेली होती. गुन्हेगारांना पकडणं हा अमेरिकेचा हक्क होता आणि कर्तव्यही. प्रश्न आहे तो पुढच्या रस्त्याचा.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जणांनी शहर वेठीला धरलं आणि १६६ माणसं मारली. त्यातला एक जिवंत हाती लागला. त्याच्यावर आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मला स्वतःला फाशीची शिक्षा पटत नाही, पण सगळं उघड्यावर, पुराव्यानिशी झालं, हे नाकारता येणार नाही.

आता दुसरी बाजू. ९/११ चा सूत्रधार म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. सीआयएच्या गुप्त कोठड्यांत त्याचा छळ झाला, १८३ वेळा पाण्यात गुदमरवलं गेलं. पुढे त्याला ग्वांटानामोच्या अमेरिकन लष्करी तुरुंगात नेलं. वीस वर्षं उलटून गेली तरी त्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही, कारण छळ करून काढलेला कबुलीजबाब न्यायालयात टिकवायचा कसा, हा गुंता सुटत नाही. ९/११ मध्ये आपली माणसं गमावलेली कुटुंबं अजून निकालाची वाट बघतायत.

ही तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य आहे. मुंबईच्या हल्ल्याचे सूत्रधार पाकिस्तानात मोकळे राहिले आणि ती सल आपल्या सगळ्यांना आहे. पण लादेन तरी कुठे सापडला? मे २०११ मध्ये, पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये, लष्करी अकादमीच्या जवळ. म्हणजे ज्या देशाला अमेरिका दहशतवादविरोधी लढ्यातला साथीदार म्हणून अब्जावधी डॉलर देत होती, त्या देशात. त्याला मारणारी मोहीम एका रात्रीची होती. अफगाणिस्तानातलं युद्ध त्यानंतरही दहा वर्षं चाललं.

वीस वर्षं अफगाणिस्तानात नेमकं काय चाललं होतं?

याचं उत्तर अमेरिकेच्याच कागदपत्रांत आहे. पुनर्बांधणीच्या पैशावर नजर ठेवायला काँग्रेसने एक स्वतंत्र महानिरीक्षक कार्यालय नेमलं होतं. जॉन सोप्को अनेक वर्षं त्याचे प्रमुख होते. त्या कार्यालयाचे अहवाल वाचताना जीव तुटतो.

एकच गोष्ट जवळून बघू. अफगाण सैनिकांचा गणवेश. २००७ च्या सुमारास तो नवा करायचा ठरला. कापडावरची नक्षी निवडताना अफगाण संरक्षणमंत्र्यांना एका खासगी कंपनीच्या वेबसाइटवरची एक नक्षी आवडली. ती होती घनदाट जंगलात लपण्यासाठीची, हिरवी. अफगाणिस्तानात जंगल आहे जमिनीच्या फक्त २.१ टक्के भागावर. बाकी सगळं करडं, मातकट, उघडं. त्या पार्श्वभूमीवर हिरवा सैनिक लांबूनच दिसतो. नक्षी कंपनीच्या मालकीची, म्हणून कापड महाग. २०१७ च्या अहवालाचा अंदाज असा की यापायी २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जादा खर्च झाला असावा. त्या मातीत हा रंग चालेल का, याची चाचणी कोणी केलेली नव्हती. सह्या मात्र सगळ्यांच्या होत्या.

विमानांचंही तसंच. अफगाण हवाई दलासाठी इटलीकडून जी-२२२ जातीची वीस जुनी मालवाहू विमानं घेतली. खर्च ५४ कोटी ९० लाख डॉलर. सुटे भाग मिळेनात, देखभाल होईना. काबूल विमानतळावर उभी असलेली त्यातली सोळा विमानं अखेर २०१४ मध्ये तोडून भंगारात विकली. मिळाले ३२ हजार डॉलर.

आणि वरचे अधिकारी काय म्हणत होते? पत्रकार परिषदेत दरवर्षी तेच ऐकू यायचं: प्रगती होतेय, आता वारं फिरतंय. खासगीत वेगळं. बुश आणि ओबामा या दोघांच्याही काळात व्हाइट हाउसमध्ये अफगाण युद्धाचं काम पाहिलेले जनरल डग्लस ल्यूट यांनी २०१५ मध्ये या महानिरीक्षक कार्यालयाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की आम्हाला अफगाणिस्तानची मुळातली समजच नव्हती, आपण काय करतोय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वॉशिंग्टन पोस्टने कोर्टात भांडून या मुलाखती मिळवल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये छापल्या, तेव्हा लोकांना हे कळलं. तोपर्यंत अठरा वर्षं झाली होती.

तालिबान परत आले आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. अमेरिका राहिली असती तर बरं झालं नसतं का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही, सहावीनंतर मुलींना शाळा बंद म्हटल्यावर पोटात कालवतं. वीस वर्षांत काबूल, हेरात, मझार-ए-शरीफ इथे मुली शिकल्या, डॉक्टर झाल्या, बातम्या देऊ लागल्या, संसदेत गेल्या. ते खरं होतं. सप्टेंबर २०२१ पासून माध्यमिक शाळा आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठं त्यांच्यासाठी बंद झाली, तेही खरं आहे.

पण काबूलबाहेरचा देशही बघायला हवा. हेलमंद, कंदाहारच्या खेड्यांतल्या बायकांना अमेरिका दिसली ती रात्री दार फोडून घरात शिरणाऱ्या सैनिकांच्या रूपात. हे रात्रीचे छापे थांबवा म्हणून अमेरिकेच्याच पाठिंब्याने सत्तेत आलेले हमीद करझाई वर्षानुवर्षं ओरडत होते. ज्या बाईचा मुलगा अशा छाप्यात गेला, तिला काबूलमधल्या शाळेचं कौतुक कसं सांगणार?

शिवाय संधी होती, तीही सुरुवातीलाच. डिसेंबर २००१ मध्ये तालिबान मोडून पडले होते आणि कंदाहारमध्ये शरणागतीची बोलणी करझाईंबरोबर चालू होती. तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याला सन्मानाने राहू देणारा कोणताही तह चालणार नाही, असं संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी बजावलं. जर्मनीत बॉन इथे नव्या सरकारची मांडणी झाली, तिथे तालिबानला बोलावलंच नाही. हरलेला असताना ज्याच्याशी बोलले नाहीत, त्याच्याशी अठरा वर्षांनी दोह्यात बसून करार करावा लागला, २९ फेब्रुवारी २०२० ला. त्या टेबलावर अफगाण सरकार नव्हतं. अफगाण बायका तर दूरच.

निघून गेल्यावरही एक गोष्ट झाली, जी मला आजही सहन होत नाही. अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७०० कोटी डॉलर न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले होते. ते गोठवले गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बायडेन यांनी आदेश काढून त्यातली निम्मी रक्कम ९/११ च्या खटल्यांसाठी बाजूला ठेवली. तो पैसा तालिबानचा नव्हता. तो त्या देशाचा गंगाजळीचा पैसा होता, आणि ही भुकेच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे.

इराकवरचा हल्ला तेलासाठीच होता ना?

नुसतं "तेल" म्हटलं की उत्तर सोपं होतं आणि खरं दोषी ठरायला हवेत ते सुटतात. सांगितलेलं कारण होतं सद्दामकडची महासंहारक अस्त्रं. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत छोटी कुपी हातात धरून जगाला धोका समजावला. अस्त्रं सापडली नाहीत, कारण ती नव्हती. अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने २००४ मध्ये तसा अहवाल दिला. पॉवेल यांनी पुढे त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं. खटला मात्र कोणावरच झाला नाही.

व्हिएतनामच्या वेळीही हेच झालं होतं. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचं सांगून ठराव करून घेतला. तो दुसरा हल्ला झालेलाच नव्हता. तेव्हा सिनेटमधल्या फक्त दोघांनी विरोध केला होता, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग.

किती माणसं गेली?

ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्च प्रकल्पाचा अंदाज असा: ९/११ नंतरच्या युद्धांत थेट हिंसेने ९ लाखांहून जास्त माणसं मेली. त्यात ४ लाखांहून जास्त साधे नागरिक. उद्ध्वस्त दवाखाने, दूषित पाणी, उपासमार यांमुळे झालेले मृत्यू धरले तर आकडा ४५ लाखांच्या आसपास जातो. विस्थापित झाले किमान ३ कोटी ८० लाख. अमेरिकेचे सैनिक गेले सात हजारांहून थोडे जास्त.

या ओळी परत वाचा. सात हजार एका बाजूला, नऊ लाख दुसऱ्या बाजूला. अमेरिकेच्या निवडणुकांत चर्चा होते ती पहिल्या आकड्याची. तीही आता होत नाही.

ड्रोनने तर नेमके अतिरेकीच टिपता येतात ना?

काबूल, २९ ऑगस्ट २०२१. पांढरी टोयोटा कोरोला दिवसभर शहरात फिरत होती आणि वरून ड्रोन तिच्यावर नजर ठेवून होतं. चालक डिक्कीत जड डबे भरताना दिसला. स्फोटकं असणार, असा निष्कर्ष निघाला. गाडी संध्याकाळी एका दाट वस्तीतल्या घराच्या अंगणात शिरली, तेव्हा क्षेपणास्त्र सोडलं.

डब्यांत पाणी होतं. भागात पाणी येत नव्हतं म्हणून तो माणूस कचेरीतून घरी पाणी भरून आणत होता. तो एका अमेरिकन मदतसंस्थेत अनेक वर्षं नोकरीला होता. बाबा आले म्हणून घरातली पोरं गाडीकडे धावली होती. दहा जण गेले, त्यातली सात मुलं.

अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी आधी या हल्ल्याला योग्य ठरवलं. पत्रकारांनी घटनास्थळी जाऊन, कॅमेऱ्यांची चित्रं जोडून खरं काय ते दाखवल्यावर १७ सप्टेंबरला पेंटागॉनने चूक कबूल केली. डिसेंबरमध्ये जाहीर झालं की कोणालाही शिक्षा होणार नाही. हे जगाला कळलं, कारण त्या दिवशी काबूलमध्ये सगळ्या जगाचे पत्रकार होते. येमेनच्या किंवा सोमालियाच्या आडगावात असं झालं, तर तिथे कॅमेरा कोण नेणार?

इतका पैसा आला कुठून आणि गेला कुणाकडे?

आला कर्जातून. कोरियाच्या युद्धासाठी ट्रुमन यांनी कर वाढवले होते. व्हिएतनामसाठी जॉन्सन यांनी १९६८ मध्ये आयकरावर १० टक्के अधिभार लावला होता. लोकांच्या खिशाला चाट बसली की लोक विचारतात, हे कशासाठी चाललंय? २००१ आणि २००३ मध्ये उलट झालं. युद्ध सुरू करताना कर कमी केले. ब्राउन विद्यापीठाच्याच हिशेबाने एकूण खर्च ८ ट्रिलियन, म्हणजे ८ लाख कोटी डॉलर. त्यात जखमी सैनिकांच्या पुढच्या कित्येक दशकांच्या उपचारांचा खर्चही आहे. हे बिल आज शाळेत जाणारी अमेरिकन मुलं फेडणार आहेत. त्यांत आपल्या ओळखीतल्यांची नातवंडंही आहेत.

गेला त्यातला मोठा वाटा कंत्राटदारांकडे. एफ-३५ या लढाऊ विमानाचे भाग अमेरिकेच्या चाळीसहून जास्त राज्यांत बनतात. मतदारसंघातला साखर कारखाना बंद करा म्हणणारा आमदार जसा आपल्याकडे सापडत नाही, तसंच तिथे या कामांना हात लावणारा सिनेटर सापडत नाही. बायडेन यांचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन आधी रेथिऑन या शस्त्रकंपनीच्या संचालक मंडळावर होते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले मार्क एस्पर त्याच कंपनीसाठी सरकारदरबारी वजन वापरायचं काम करत होते. पक्ष बदलला, कंपनी तीच.

२०२४ मध्ये अमेरिकेचा लष्करी खर्च ९९७ अब्ज डॉलर होता, साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या ३७ टक्के. २०१८ पासून पेंटागॉनचं संपूर्ण लेखापरीक्षण होतं आणि २०२४ पर्यंत सात वेळा झालं. सातही वेळा हिशेब जुळला नाही.

हे सगळं आधी ओळखलं ते एका सेनापतीने. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या मित्रसैन्याचं नेतृत्व केलेले आयसेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना एप्रिल १९५३ मध्ये म्हणाले होते की बनवलेली प्रत्येक बंदूक, पाण्यात उतरवलेली प्रत्येक युद्धनौका ही शेवटी भुकेल्या माणसाकडून केलेली चोरी असते. १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योगाच्या युतीपासून सावध राहायला सांगितलं. खेद इतकाच की त्यांच्याच कारकिर्दीत ती युती फोफावली.

अमेरिकन लोक गप्प का बसले?

सगळे बसले नाहीत. इराकवरच्या हल्ल्याआधी, १५ फेब्रुवारी २००३ ला, जगभर लाखो माणसं रस्त्यावर आली, न्यूयॉर्कमध्येही. त्याच्या खूप आधी, ४ एप्रिल १९६७ ला मार्टिन लूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभं राहून म्हटलं होतं की आज जगातला हिंसेचा सगळ्यात मोठा पुरवठादार माझंच सरकार आहे. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांना फटकारलं, जवळचे लोक दुरावले. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला त्यांचा खून झाला.

पण बहुसंख्य लोकांपर्यंत युद्ध पोहोचलंच नाही. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत कोणाच्याही मुलाला बोलावणं येऊ शकत होतं, म्हणून घराघरात युद्धाची चर्चा होती. आता लढायला जातात ते ठरावीक घरांतले, ठरावीक गावांतले, बरेचदा कॉलेजच्या फीसाठी भरती झालेले तरुण. बाकीच्यांना युद्ध दिसतं ते विमानतळावर सैनिकांना आधी विमानात सोडतात तेवढंच.

म्हणजे तुम्ही सैनिकांना दोष देता?

नाही. इराकमध्ये अबू घरेबच्या तुरुंगात कैद्यांना छळून किंवा हदिथा गावात नागरिकांना मारून ज्यांनी गुन्हे केले ते गुन्हेगार आहेत. बाकीच्या सैनिकांनाही या युद्धांनी गिळलं आहे. ९/११ नंतर सेवा केलेल्यांपैकी ३० हजारांहून जास्त जणांनी आत्महत्या केल्याचा अंदाज आहे. लढाईत मेलेल्यांच्या चौपट. तळांवर कचरा, प्लॅस्टिक, रसायनं उघड्या खड्ड्यांत जाळली जायची. त्या धुराने आजारी पडलेल्यांना हक्काचे उपचार मिळवून देणारा कायदा व्हायला २०२२ उजाडलं.

रशिया आणि चीनबद्दल का बोलत नाही?

बोलते. युक्रेनवरचं आक्रमण हे आक्रमणच आहे. पण शेजाऱ्याच्या चोरीने आपली चोरी माफ होत नाही. आणि इराकवर खोट्या कारणाने चालून गेलेला देश जेव्हा नियमांची भाषा करतो, तेव्हा आशिया-आफ्रिकेतली माणसं ऐकून सोडून देतात. यात नुकसान युक्रेनचं झालं.

यात आपला काय संबंध?

जितका वाटतो त्याहून जवळचा. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध चालू असताना अमेरिकेची लष्करी विमानं मुंबईत इंधन भरून पुढे जात होती. बातमी फुटली, देशभर गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत ते थांबलं. त्याआधीच्या काही महिन्यांत कुवेतमधून जीव घेऊन निघालेले दीड लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला उतरले होते. ते युद्ध सद्दामने सुरू केलं होतं, अमेरिकेने नव्हे. पण आखातात गोळी सुटली की कोणाकोणाच्या घरी मनीऑर्डर थांबते, हे तेव्हा कळलं.

२००३ मध्ये आपल्या संसदेने इराकवरच्या हल्ल्याचा ठराव करून निषेध नोंदवला. अमेरिकेला इराकमध्ये भारतीय सैन्य हवं होतं. वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ ला नकार दिला, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असं सांगून. मला तो निर्णय आजही मोलाचा वाटतो. माणसं मात्र गेलीच, सैनिक म्हणून नव्हे, तर स्वयंपाकी, ट्रकचालक, सफाई कामगार म्हणून. जुलै २००४ मध्ये कुवेतच्या एका कंपनीसाठी ट्रक चालवणाऱ्या तीन भारतीयांना इराकमध्ये ओलीस धरलं. ते सुटले. ऑगस्टमध्ये पकडलेले बारा नेपाळी कामगार सुटले नाहीत, त्यांना मारून टाकलं. जॉर्डनमध्ये नोकरी मिळेल म्हणून ते घरून निघाले होते.

आणि कन्याकुमारीपासून सुमारे १,८०० किलोमीटरवर, आपल्याच हिंदी महासागरात, चागोस बेटांपैकी दिएगो गार्सिया हे बेट आहे. तिथे अमेरिकेचा लष्करी तळ बांधायचा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरच्या माणसांना ब्रिटनने हुसकावून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं. त्यांची कुत्री गॅसने मारली. अफगाणिस्तानवर आणि इराकवर बाँब टाकणारी विमानं तिथूनच उडाली. ब्रिटनने ही बेटं सोडावीत असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. मे २०२५ मध्ये मॉरिशसशी करार झाला, त्यातही तळ ९९ वर्षांसाठी राखून ठेवला आहे.

मग करायला काय हवं?

नवं काही शोधायला नको. व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून काँग्रेसने कायदा केला: सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबवा. तो पाळायला लावा. २०११ मध्ये लिबियावर बाँबफेक चालू असताना ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामा सरकारने युक्तिवाद केला की आपले सैनिक जमिनीवर नाहीत, म्हणून ही "लढाई"च नाही. ज्याच्या घरावर बाँब पडतोय त्याला कोणी विचारलं नाही. २०१९ मध्ये काँग्रेसने येमेनमधल्या युद्धातून अंग काढून घ्यायचा ठराव खरोखर मंजूर केला, तो ट्रम्प यांनी नाकारला. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला झाला, तोही काँग्रेसला न विचारता.

दुसरं, प्रत्येक ठरावाला दोन वर्षांची मुदत असावी. पुढे चालवायचं असेल तर प्रत्येक खासदाराने पुन्हा नाव पुकारून मत द्यावं आणि मतदारसंघात जाऊन त्याचं उत्तर द्यावं. तिसरं, युद्ध सुरू झालं त्याच दिवशी त्याच्यासाठीचा कर सुरू व्हावा.

सैन्य परत आलं की युद्ध संपलं, असं नाही का?

लाओसमध्ये जाऊन विचारा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने तिथे २० लाख टनांहून जास्त बाँब टाकले, तेही आपल्याच जनतेपासून लपवून. व्हिएतनामवरून परतणारी काही विमानं थायलंडच्या तळावर उतरण्याआधी उरलेले बाँब लाओसवर टाकून मोकळी व्हायची, कारण बाँब घेऊन उतरणं धोक्याचं. एका मोठ्या बाँबच्या पोटातून शेकडो छोटे बाँब पसरतात. असे सुमारे २७ कोटी पडले आणि त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. लाओसमध्ये त्यांना "बाँबी" म्हणतात. आकाराने टेनिसच्या चेंडूएवढे, गोल, मातीने माखलेले. भाताची खाचरं नांगरताना ते वर येतात. मुलं चेंडू समजून उचलतात. १९७३ नंतर, म्हणजे बाँबफेक थांबल्यावर, त्यांनी सुमारे २० हजार माणसं मारली किंवा जायबंदी केली.

ओबामा सप्टेंबर २०१६ मध्ये तिथे गेले. लाओसला भेट देणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. बाँब काढायला तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देऊ, असं त्यांनी जाहीर केलं. शोधपथकं आजही काम करतायत. हातात धातुशोधक यंत्र, पुढ्यात दोरीने आखलेली जमिनीची पट्टी, एका वेळी एक पट्टी. यंत्र वाजलं की गुडघ्यावर बसून माती हाताने बाजूला करायची.